परभणी-हिंगोलीकडून ठाणे-घणसोलीत आलात? मग बोलण्याबद्दल थोडं

देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसने ठाण्यात उतरणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींना डिपॉझिट किती लागतं, रूम कुठे मिळते, पास कुठला काढायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी मूळची परभणी जिल्ह्यातली. घणसोलीत राहून आता बरीच वर्षं झाली, नोकरी महाप्याच्या एमआयडीसीत. गावाकडून नवीन आलेलं कोणी ना कोणी माझ्या घरी येतंच, आणि महिन्याभरात एकच गाऱ्हाणं सांगतं: "ताई, इथली माणसं तुसडी आहेत." मला ते पटत नाही. इथल्या बोलण्याची रीत निराळी आहे, आणि ती कोणी समजावून सांगत नाही म्हणून हे लिहिते आहे.

गावात तुम्ही कुणाचे कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. वडील ओसरीवर नुसते खाकरले तरी आत चहा ठेवायचा हे कळतं. अर्धं बोलणं न बोलताच पोचतं. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ साली हा फरक नीट मांडला. काही समाजांत अर्थ शब्दांपेक्षा नात्यात, वयात, प्रसंगात जास्त असतो; काही समाजांत तोंडाने जे सांगितलं तेवढंच धरतात. त्याने देशादेशांतले फरक सांगितले, मला तो परभणी आणि नवी मुंबईच्या मध्येच दिसतो. कारण इथे शेजारीपाजारी एका मुलखातले नाहीत. मूळ गावं आगरी-कोळ्यांची. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. बाजार समिती वाशीला आली तसे सातारा, जुन्नर, आंबेगावकडचे माथाडी कोपरखैरणे-घणसोलीत वसले. वाशी-नेरुळला तमिळ, मल्याळी, गुजराती, पंजाबी घरं आहेत. प्रत्येकाच्या खाणाखुणा आपापल्या. तुमचं खाकरणं इथे नुसतं खाकरणंच राहतं. म्हणून सांगायचं ते तोंडाने सांगावं लागतं.

ऑफिसात याचा सगळ्यात जास्त फटका बसतो. आमच्याकडे हिंगोलीकडचा एक मुलगा लागला. कामाला चोख, स्वभावाने गरीब. बहिणीचा साखरपुडा ठरला तसा तो साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. आमचे साहेब केरळचे, मुंबईतच वाढलेले.

"सर, गुरुवारी गावाकडं बहिणीचा साखरपुडा आहे."

"अरे वा! अभिनंदन."

"घरी करणारं कोणी नाही सर. वडलांना होत नाही आता."

"हो, अशा वेळी धावपळ होतेच."

एवढं होऊन तो जागेवर आला आणि जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाला, "साहेबांनी रजा दिली नाही." साहेबांना रजा मागितली गेल्याचा पत्ताच नव्हता. मी त्याला परत पाठवलं आणि काय बोलायचं ते सांगून पाठवलं: "सर, मला बुधवार ते शुक्रवार रजा हवी आहे. बहिणीचा साखरपुडा आहे. बिलं मंगळवारी पूर्ण करून जातो, शनिवारी हजर होतो." रजा तिथल्या तिथे मंजूर झाली, वर साहेबांनी विचारलंही, पैसे वगैरे काही लागतात का.

त्या मुलाची पहिली रीत चुकीची होती असं मी कधीच म्हणणार नाही. आपल्याकडे मोठ्या माणसापुढे थेट मागणं उद्धटपणाचं वाटतं. आपण अडचण मांडायची, मोठ्या माणसाने ओळखून "जा बाबा" म्हणायचं, यात दोघांचाही मान राहतो. फार सुंदर रीत आहे ती. पण त्यासाठी समोरचा माणूसही त्याच रीतीत वाढलेला लागतो. इथे आधी काय हवं ते सांगा, मग कारण, मग तुमच्या मागे काम कसं चालेल ते.

नकाराचंही तसंच. गावाकडे "बघू" म्हटलं की समोरचा समजून जातो की हे काही जमणार नाही. इथे "बघू"वर विसंबून माणूस संध्याकाळपर्यंत थांबतो आणि मग चिडतो. "आज होणार नाही, उद्या दुपारपर्यंत देते" असं म्हटल्याने कोणी दुखावत नाही. काम अडलं असेल तर अडल्याच्या दिवशीच सांगा. साहेब विचारतील तेव्हा सांगू, असं करून गप्प बसलात तर तुमचं काम सुरळीत चाललंय असंच धरलं जातं.

आता लोकल. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली-रबाळे-घणसोलीकडे जा की फास्टने कल्याणकडे, बोलणं सारखंच. मागून कोणी विचारेल, "उतरणार?" ही चौकशी नव्हे. पुढच्या स्टेशनला उतरणार असाल तर मान हलवा, नसाल तर बाजूला होऊन त्याला दाराकडे वाट द्या. बसलेल्याला कोणी "कुठे?" विचारलं तर तो तुमच्या जागेसाठी नंबर लावतोय. स्टेशनचं नाव सांगा, पुरे. गावाचं नाव आणि कोणाकडे चाललात हे सांगत बसू नका. तिघांच्या बाकड्यावर चौथा बसतो, त्याने "जरा" म्हटलं की सरकायचं. याच हॉलने माणसं एकमेकांपासून किती अंतर ठेवतात तेही अभ्यासलं होतं. त्याने पाहिलेल्या अमेरिकन लोकांत दीड फुटाच्या आत फक्त अगदी जवळची माणसं येत. आपल्या लोकलमध्ये त्या दीड फुटात चार अनोळखी माणसं उभी असतात. मला वाटतं म्हणूनच इथे कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नाही आणि एका शब्दात काम उरकतात. इतक्या गर्दीत दुसऱ्याला त्याच्यापुरती मोकळीक द्यायची ती पद्धत आहे. त्याच डब्यात कोणाला चक्कर आली तर पाण्याच्या चार बाटल्या पुढे येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बिल्डिंगमध्ये कोणाकडे जायचं तर आधी फोन करा. चहा विचारला आणि हवा असेल तर पहिल्यांदाच "हो" म्हणा. आपल्यात दोनदा "नको" म्हणून तिसऱ्यांदा कप हातात घेतात. इथे पहिलं "नको" खरं मानतात आणि विषय संपतो. पोरं उपाशीपोटी परत येतात आणि म्हणतात, साधा आग्रहसुद्धा केला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर "४०३ची गाडी कोणी लावली?" असं आलं तर ते भांडण समजू नका, जाऊन गाडी काढा.

एवढं वाचून शहरात सगळीकडे मोजकंच बोलायचं असं ठरवाल, तर गावठाणात फसाल. आणि स्वस्त खोली बहुतेकांना गावठाणातच मिळते: घणसोली गाव, गोठिवली, रबाळे, तळवली. घरमालकीण आगरी असेल. ती मोठ्याने बोलेल, पहिल्या दिवशीच "तू" म्हणेल, पगार किती, लग्न झालं का, आई-बाप कुठे असतात, सगळं विचारेल. ती भांडत नाहीये. ओळख करून घेतेय, अगदी तुमच्या गावात आत्या-मावशी करतात तशी. तिच्या बोलण्यात 'ळ'चा 'ल' होतो, त्यावर हसू नका. तिच्या प्रश्नांना ऑफिसातल्यासारखी एका शब्दात उत्तरं दिलीत तर ती तुम्हाला आढ्यतेखोर समजेल. तिथे पायरीवर बसून बोलायचं.

तिचा इतिहासही माहीत असू द्या. या लोकांची भातशेती आणि मिठागरं शहरासाठी गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासई परिसरात आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्या लढ्याच्या पोटातून आली. घरोघरी आजही "साडेबारा टक्के" हा विषय निघतो. कोणाला किती मिळालं, कोणाला अजून नाही, हे ऐकताना मध्येच "तुम्हाला काय बुवा, भाडं येतंय" असं म्हणू नका. शेती गेल्याचं दुःख काय असतं हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. हळदीला बोलावलं तर जाच. आगऱ्यांची हळद म्हणजे रात्रभर वाजतगाजत चालते. त्या मांडवात एकदा जेवलात की गावात तुम्हाला नावाने ओळखतात.

तुमच्या स्वतःच्या बोलण्याबद्दलही सांगायचं आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. "मी जेवायलोय", "काय करायलास?" असं बोललात की सुरुवातीला कोणीतरी हसेल. हसू द्या. ठाण्याच्या नौपाड्यातल्यासारखं शुद्ध बोलायच्या नादात कितीतरी पोरं मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाहीत, आणि त्यांना काही येत नाही असा समज होतो. शब्द अडला तर दुसरा वापरा, पण बोला. आणि मराठीतच सुरुवात करा. आपण समोरच्याचा चेहरा बघून लगेच हिंदीवर जातो. रिक्षावाल्याला, वॉचमनला, भाजीवाल्याला मराठी बहुतेक वेळा समजतं, नाहीच समजलं तर मग हिंदी आहेच.

इथे राहून तुमचं बोलणं आखूड होईल आणि ते आधी आईला फोनवर जाणवेल. "हो, ठीक, ठेवतो" हे ऑफिसातलं बोलणं घरच्या फोनवर नेऊ नका. तिला पाऊस, म्हैस, शेजारणीची सून हे सगळं सांगायचं असतं, तेवढा वेळ रविवारी राखून ठेवा.

आई-वडील पहिल्यांदा इकडे येतील तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा: समोरच्यांचं दार बंद असतं, त्यात राग नसतो, आणि लोकलमध्ये कोणी "उतरणार?" विचारलं तर वाट द्यायची. मग त्यांना घरमालकिणीच्या पायरीवर नेऊन बसवा आणि तुम्ही खुशाल कामाला जा. आई आणि घरमालकीण, त्या दोघींना मध्ये कोणी लागत नाही.