स्वमग्न मुलांवरचं संशोधन वर्गात वापरताना

नवीन विशेष शिक्षक प्रशिक्षणातून पाच-सहा पद्धती शिकून येतात आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या सुरू करतात. महिन्याभरात एकही धड चालू नसते. एक मूल, एक कौशल्य, एक पद्धत, एवढ्यावरच सुरुवात करा.

पद्धत निवडायला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या गटाचा २०२० चा अहवाल उपयोगी पडतो. १९९० ते २०१७ मधले अभ्यास तपासून त्यात २८ पद्धतींना पुराव्याचा आधार दिलाय. मात्र यातली कुठली पद्धत तुमच्या वर्गातल्या मुलासाठी, हे यादी सांगत नाही. कौशल्य नेमकं लिहिलं की ते कळतं. ‘संवाद सुधारणे’ हे कौशल्य नव्हे. ‘बरणी उघडत नसेल तर मदतीचं कार्ड समोरच्याच्या हातात देणे’ हे कौशल्य.

यासाठी ‘टाइम डिले’, म्हणजे मदत देण्याआधी ठरावीक वेळ थांबण्याची पद्धत, घ्या. आधी तीन ते पाच दिवस काहीच न शिकवता नोंदी ठेवा, ही बेसलाइन. मग आवडीची वस्तू पारदर्शक बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि बरणी मुलाला द्या. पहिले एक-दोन दिवस थांबायचं नाही. लगेच हाताला धरून कार्ड द्यायला लावा आणि बरणी उघडा. नंतर मदतीआधी चार सेकंद थांबा. मनात मोजा, कारण घाईत चाराचे दोन होतात. या चार सेकंदांत ‘काय हवंय? कार्ड दे ना’ असं म्हटलंत तर तीही मदतच झाली, आणि मूल कार्डाऐवजी तुमच्या बोलण्याची वाट बघायला शिकतं. तुम्ही कार्डाकडे नुसती नजर टाकलीत तरी तेच.

दिवसातून दहा संधी पुरतात. अभ्यासांत बऱ्याचदा एका मुलामागे एक शिक्षक असतो, वर्गात तसं नसतं. म्हणून संधी दिवसभरात विखरा, पण थांबण्याचा वेळ आणि मदतीची रीत बदलू नका. प्रत्येक संधीला एकच अक्षर लिहा: ‘स्व’ स्वतःहून, ‘म’ मदतीने, ‘चू’ चूक. थांबण्याच्या वेळात ‘चू’ वाढले तर पुन्हा न थांबता मदत द्या. रोज ‘म’च दिसत असेल तर आधी वस्तू बदलून बघा, बरणीतलं खेळणं नकोच असेल तर मूल मागेल कशाला?

तरीही अडलं, तर सहकाऱ्याला पायऱ्यांची यादी देऊन तुमचं शिकवणं बघायला सांगा. ८० टक्क्यांहून कमी पायऱ्या नीट होत असतील तर पद्धतीला दोष देऊ नका, ती अजून वापरलीच गेलेली नाही. ही तपासणी सगळ्यांना नकोशी वाटते, म्हणून हीच सर्वांत आधी सुटते.

(पद्धत चालल्यासारखी वाटते, एवढ्यावर विसंबू नका. मोठ्यांनी हात धरून मुलाकडून टाइप करून घेण्याची ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ पद्धत चाचण्यांत टिकली नाही. शब्द हात धरणाऱ्याचे निघाले.)

दुसऱ्या आठवड्यापासून माणूस, जागा आणि बरणी बदलत राहा. नाहीतर मूल कार्ड फक्त तुम्हालाच, त्याच टेबलावर देतं. तीन दिवस सलग दहापैकी आठ ‘स्व’ आले, आणि त्यातले काही दुसऱ्या माणसाकडे असले, की पुढचं कौशल्य घ्या.