दोन भुकट्या पिळून चुंबक करताना

समॅरियम-कोबाल्ट आणि लोखंड यांच्या भुकट्या प्रचंड दाबाखाली पिळून एकच चुंबक करायचा. ऑस्ट्रियातल्या लिओबेनला आल्यावर माझ्या अशा पहिल्या चारही चकत्या वाया गेल्या, म्हणून हे लिहून ठेवते.

एकास पाच प्रमाणातलं समॅरियम-कोबाल्ट चुंबकनाची दिशा सोडत नाही (म्हणून त्याला कडक म्हणतात), पण त्याचं चुंबकन लोखंडापेक्षा कमी. लोखंडाचं उलट, ते मऊ. १९९१ मध्ये क्नेलर आणि हाविग यांनी मांडलं, की दोघांचे पदर पुरेसे पातळ, साधारण १० नॅनोमीटरचे झाले, की कडक पदर शेजारच्या मऊ पदराला धरून ठेवतो. आपल्याला तेच करायचंय. थोडक्यात चिरोटेच, फक्त लाटण्याऐवजी पिळायचे.

दोन्ही भुकट्या आरगॉन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्येच (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) तोलायच्या आणि मिसळायच्या. मी पहिल्यांदा उघड्या बशीतून नेल्या. समॅरियमने ऑक्सिजन ओढला आणि मागे नुसता मऊ कोबाल्ट उरला. निम्म्याहून जास्त लोखंड घेऊन सुरुवात करा. ते कमी पडलं की चकती भाजक्या पापडासारखी तडकते.

भुकटी तांब्याच्या कड्यात भरून दोन ऐरणींमध्ये ठेवा, ५ गिगापास्कल दाबाखाली एक ऐरण पाव फेरा फिरवा. भुकटी घट्ट होऊन चकती झाली की कडं काढून खरं पिळणं. ८ मिमी व्यासाच्या चकतीवर ७.५ गिगापास्कल म्हणजे जवळपास ३८ टन भार, तेव्हा झाकण लावल्याशिवाय बटणाला हात नाही. ऐरणीचा पृष्ठभाग खरखरीत हवा, नाहीतर ती चकतीवरून नुसती घसरते आणि फेरे कागदावरच राहतात. फिरवा हळू, वेगाने चकती तापते.

फेरे किती, इथेच सगळी गंमत. ताण, म्हणजे चकती किती पिळली गेली ते, काढायचा तर त्रिज्येला फेऱ्यांनी आणि २ पायने गुणा, जाडीने भागा. ०.६ मिमी जाडीच्या चकतीत ३ मिमी त्रिज्येवर १० फेऱ्यांत ३१४ येतो. मधोमध मात्र शून्य! म्हणून मोजायचा तुकडा कायम कडेचा कापायचा. ताण कमी पडला तर पदर जाड राहतात. जास्त झाला तर साटा पिठात मुरावा तसं होतं: समॅरियम-कोबाल्टची स्फटिकरचना मोडते आणि चुंबक दिशा धरेनासा होतो. मी एकाच मिश्रणाच्या तीन-चार चकत्या वेगवेगळ्या फेऱ्यांना थांबवते.

मग मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकन मोजायचं यंत्र. उलट क्षेत्र वाढवताना आलेखाला मध्येच गुडघा दिसला, तर लोखंड एकटंच उलटतंय, पदर अजून जाड आहेत. तुकडा उचलायला प्लास्टिकचा चिमटा घ्या. स्टीलचा तो सोडत नाही.