पावसाळ्यात घरातील जेडची काळजी: पुणे परिसरासाठी हंगामी सल्ला

पुण्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस स्थिरावला, की घरातील जेडच्या कुंड्यांसाठी वर्षातील सर्वांत जोखमीचा काळ सुरू होतो. एप्रिल-मेमधील ३८ ते ४० अंशांचा उन्हाळा आणि घरचे सगळे गावी गेल्यामुळे झालेली आबाळ या दोन्ही गोष्टी जे झाड निभावून नेते, तेच जुलैत आठवड्यातून दोनदा घातलेल्या तांब्याभर पाण्याने बुडाशी कुजते. ढगाळ हवेमुळे प्रकाश घटतो, दमटपणामुळे माती वाळत नाही आणि झाडाची पाण्याची गरजही याच काळात कमी होते. त्यामुळे वार ठरवून पाणी देण्याची पद्धत ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावी.

सर्वप्रथम आपल्याकडे कोणते जेड आहे, हे पाहून घ्यावे, कारण रोपवाटिकांतून या एकाच नावाने दोन निरनिराळी झाडे विकली जातात. नखाएवढी गोलसर पाने आणि तांबूस, बारीक फांद्या असलेले झाड पोर्तुलाकारिया आफ्रा असून, बोन्सायसाठी बहुधा तेच दिले जाते. दीड-दोन इंच किंवा त्याहून लांब, जाड, चकचकीत आणि उन्हात लालसर कडा धरणारी पाने असतील, तर ते क्रासुला ओव्हाटा, म्हणजे मूळचे जेड. दोन्ही झाडे दक्षिण आफ्रिकेकडील कोरड्या भागांतली आहेत. मात्र पोर्तुलाकारिया थोडे जास्त पाणी पचवते, तर क्रासुला तसे करत नाही. क्रासुला पानांत आणि खोडात पाणी साठवते व पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडते, त्यामुळे त्याचे बाष्पीभवन मुळातच अल्प असते. त्याची पाने खाल्ल्यास कुत्र्या-मांजरांना त्रास होतो, म्हणून पाळीव प्राणी असलेल्या घरांत कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. पुढील सल्ला प्रामुख्याने क्रासुलासाठी आहे.

जागेबाबत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. त्यामुळे डिसेंबरात खोलीभर ऊन देणारी दक्षिणेची खिडकी याच महिन्यांत जवळजवळ निरुपयोगी ठरते. पावसाळ्यात कुंडी पूर्वेच्या खिडकीशी, काचेलगत ठेवावी. ते शक्य नसल्यास पश्चिमेची खिडकी चालेल, कारण मे महिन्यातील तिथला दाह आता राहिलेला नसतो. बावधन, पाषाण या पश्चिमेकडील भागांत हडपसरपेक्षा पाऊस आणि ढगाळपणा अधिक असतो, तेव्हा तेथील रहिवाशांनी पाण्याबाबत आणखी हात आखडता घ्यावा. पेरांमधील अंतर वाढून फांद्या लोंबू लागल्यास प्रकाश अपुरा आहे, असे समजावे आणि पांढऱ्या एलईडी दिव्याखाली, सुमारे एक फुटावर, रोज दहा ते बारा तास झाड ठेवावे. शुभ मानून जेड दाराशी, जिन्याच्या अंधाऱ्या बोळात ठेवण्याची प्रथा हल्ली वाढली आहे. मालकाला ते लाभत असेलही, झाडाला मात्र लाभत नाही.

इतर कुंड्यांना वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसण्याची अवस्था, आला की पाणी दिले जाते. जेडच्या बाबतीत वाफशाच्याही पुढे जाऊन माती तळापर्यंत कोरडी होऊ द्यावी. वरची माती बोटाने चाचपून अंदाज येत नाही, म्हणून अगरबत्तीची कोरडी काडी तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढावी. काडीला माती चिकटली किंवा ती ओलसर लागली, तर पाणी देऊ नये. काडी कोरडी निघाली आणि खालची पाने दाबल्यावर किंचित मऊ लागली, की भोकातून पाणी निथळेपर्यंत भरपूर पाणी द्यावे आणि बशीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे. संततधारेच्या काळात दोन पाण्यांमध्ये तीन आठवडे गेले, तरी चिंतेचे कारण नाही. घोटघोट पाणी रोज देणे हे सर्वांत घातक, आणि कार्यालयांतील बहुतेक जेड त्यानेच दगावतात. गच्चीवरील किंवा उघड्या बाल्कनीतील कुंड्या पावसाच्या आडोशाला घ्याव्यात.

मातीकडे पावसाआधीच लक्ष दिलेले बरे. काळी माती अजिबात वापरू नये. केवळ कोकोपीटमध्ये वाढवलेले रोपही पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ओले राहते. एक भाग लाल माती, एक भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे किंवा परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज खडे) आणि त्यात मूठभर गांडूळखत, असे मिश्रण योग्य ठरते. बांधकामावरील क्रश सँड घेतल्यास तिच्यातील भुकटी पाण्याने धुऊन काढावी, अन्यथा तीच निचरा बंद करते. कुंडी मातीची, भोक असलेली आणि मुळांच्या गोळ्यापेक्षा फार मोठी नसलेली असावी.

हिरवी पाने हात लावताच गळणे आणि मातीलगतचे खोड मऊ पडणे ही कुजीची लक्षणे आहेत. अशा वेळी बुरशीनाशक ओतून वाट पाहण्यात अर्थ नाही. स्वच्छ, धारदार सुरीने खोड निरोगी भागापर्यंत कापावे. कापलेल्या भागात तपकिरी कडे किंवा ठिपका दिसल्यास आणखी वर कापावे. तो तुकडा सावलीत, हवेशीर जागी जखम सुकेपर्यंत ठेवावा. एरवी चार-पाच दिवसांत सुकणारी जखम दमट हवेत दहा दिवसही घेते. त्यानंतर तुकडा जवळजवळ कोरड्या वाळूत लावून पहिले पाणी आठवड्याने द्यावे. केवळ हौसेखातर फांद्या लावायच्या असतील, तर ते काम ऑक्टोबरनंतर करावे.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण समजावा आणि सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून काढावा; आठवड्याने पुन्हा तपासावे. मॅलॅथिऑन या झाडाला मानवत नाही, म्हणून ते टाळावे. खते या काळात देऊ नयेत.

उरुळी कांचन, मांजरी भागातील रोपवाटिकाधारकांनी जेडच्या पिशव्या जमिनीवर न ठेवता मांडवावर, अंतर राखून ठेवाव्यात आणि शेडनेटवर पारदर्शक पॉलिथिनचे आच्छादन घालावे. शेडनेट पाऊस अडवत नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात झाड एकदम बाहेर काढल्यास पाने भाजतात. पहिल्या आठवड्यात सकाळचे दोन तास आणि नंतर हळूहळू अधिक, असे ऊन दाखवावे. नवी पालवी दिसू लागली, की १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) विद्राव्य खत एक लिटर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात महिन्यातून एकदा द्यावे.