जुन्या बुलेट-येझदीवरून सेकंडहँड स्पोर्ट बाईकवर येताना या चुका टाळा

कास्ट आयर्न इंजिनची बुलेट, येझदी किंवा राजदूत ३५० अनेक वर्षे स्वतःच्या हाताने सांभाळलेला माणूस जेव्हा सेकंडहँड आरसी ३९०, निन्जा ३०० किंवा आर१५ घेतो, तेव्हा त्याला शिकवण्यासारखे काही उरले आहे असे त्याला स्वतःला वाटत नाही. दुरुस्तीसाठी माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये सर्वांत जास्त नुकसान याच मंडळींच्या गाड्यांचे झालेले असते, आणि ते अज्ञानामुळे नव्हे तर पक्क्या मुरलेल्या सवयींमुळे झालेले असते. नवशिक्या निदान विचारतो. अनुभवी माणूस विचारत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत घातक चूक पायाची आहे. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो, पहिला गिअर वर आणि पुढचे तीन खाली पडतात. आधुनिक गाडीत गिअर डावीकडे, पहिला खाली आणि बाकीचे वर, तर मागचा ब्रेक उजव्या पायाशी असतो. रिकाम्या रस्त्यावर हा बदल दोन दिवसांत जमतो आणि इथेच माणूस फसतो, कारण शांत डोक्याने जमलेली गोष्ट घाबरलेल्या पायाला जमलेली नसते.

माझ्या परिचयातील एक गृहस्थ, बुलेटवर हिमालयापर्यंत जाऊन आलेले, ३९० सीसीची सेकंडहँड गाडी घेऊन पहिल्याच रविवारी मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरायला निघाले. मी त्यांना आधी मोकळ्या मैदानावर सराव करण्याची विनंती केली होती, पण बुलेटवर आयुष्य काढलेल्या माणसाला मैदानात चकरा मारणे कमीपणाचे वाटले. एका वळणावर समोरून एसटी पूर्ण रस्ता व्यापून आली. त्यांनी क्लच ओढला आणि आयुष्यभराच्या सवयीने डावा पाय दोनदा जोरात दाबला. त्यांच्या मनात तो मागचा ब्रेक होता, प्रत्यक्षात मात्र गाडी तिसऱ्या गिअरवरून पहिल्यात आली. वेग कमी होईना म्हणून गोंधळून त्यांनी क्लच सोडला, तेव्हा मागचे चाक जागेवर अडकल्यासारखे घासत आडवे गेले आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात पडली. गळपट्टीचे हाड मोडले, पण दरीची बाजू नव्हती म्हणून जीव वाचला.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा त्यांची तक्रार होती की ब्रेक लागले नाहीत आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) निरुपयोगी निघाले. मी पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल तपासले. सर्व ठीक होते आणि गाडी पहिल्या गिअरमध्येच होती. एबीएस फक्त ब्रेकचा दाब कमी-जास्त करते. इंजिनच्या ओढीमुळे चाक अडकले तर ते सोडवणे त्याच्या हातात नसते. स्लिपर क्लच (गिअर कमी करताना थोडा घसरणारा क्लच) हा झटका पुष्कळ सौम्य करतो, पण घाटात थेट पहिला गिअर टाकल्यावर त्याच्याकडूनही चमत्काराची अपेक्षा धरू नये.

यावर माझा उपाय अनेकांना जाचक वाटतो, तरी मी तो सोडत नाही. नवी गाडी घेतल्यावर किमान महिनाभर जुनी बुलेट झाकून ठेवावी आणि एक दिवस ही, एक दिवस ती असे मुळीच करू नये. रोज सकाळी मोकळ्या जागेत ताशी ४० च्या वेगावरून पूर्ण थांबण्याचा सराव करावा, आणि तो पुढच्या ब्रेकवर दोनच बोटे ठेवून, दाब हळूहळू वाढवत करावा. जुन्या ड्रम ब्रेकला चारही बोटांनी आवळण्याची सवय असते. डिस्क ब्रेकवर तसा झटका दिला तर एबीएस नसलेली गाडी पुढून घसरते. जावा-येझदीवाल्यांना गिअरच्या बाजूची अडचण येत नाही, कारण त्यांचा गिअर मुळातच डावीकडे असतो. मात्र जुन्या जावामध्ये गिअरचा दांडा दाबताच क्लच आपोआप सुटत असे, त्यामुळे क्लच न ओढता गिअर टाकण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी ती तत्काळ मोडावी. तसेच ऑइल-मिश्रित पेट्रोलवर चालणाऱ्या टू-स्ट्रोकला लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवला तर इंजिनला वंगण कमी मिळते, म्हणून ती मंडळी क्लच ओढून घाट उतरतात. फोर-स्ट्रोकमध्ये असे करणे म्हणजे इंजिनचा ब्रेक स्वतःहून टाकून देणे आहे.

दुसरी चूक कमी आरपीएमवर (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्या) इंजिन रेटण्याची आहे. बुलेट ३५० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर, त्यावर जड फ्लायव्हील, म्हणून ती टॉप गिअरमध्ये रमतगमत घाट चढते आणि चालकाला त्याचा अभिमान असतो. ३९० च्या इंजिनचा बोअर ८९ आणि स्ट्रोक ६० मिलिमीटर आहे, म्हणजे प्रमाण उलटे आहे, आणि तिची खरी ताकद सात हजारांच्या पुढे जागी होते. ही गाडी सहाव्या गिअरमध्ये ताशी ४० ने खंबाटकी चढवली की चेन आपटते, इंजिन ठोकते, मागच्या चाकाच्या हबमधील रबरांवर धक्के बसतात, आणि मालक म्हणतो की गाडीत दम नाही. इंजिन ओरडले म्हणजे ते दुखते, हा समज जुन्या गाडीने कानात बसवलेला असतो आणि तो कानातून काढावाच लागतो. मी आरपीएम मीटर चार हजारांच्या खाली जाऊ देत नाही आणि चढाला एक गिअर कमीच ठेवतो. तापलेली गाडी वाहतुकीत उभी असताना रेडिएटरचा पंखा सुरू झाला तर तोही बिघाड नव्हे, तो त्याचे काम करीत असतो.

गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर जुना हात लगेच पाना उचलतो. मागे एका येझदीप्रेमी तरुणाने पार्किंगमध्येच टाकी उतरवून, थ्रॉटल बॉडी काढून ती तारेच्या ब्रशने घासली आणि आतल्या पृष्ठभागावर ओरखडे पाडले. मूळ दोष साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल साचण्याचा होता, तो कापडाने पुसून दूर झाला असता. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत चोक शोधू नये, पॉइंटमधील फट मोजायला जाऊ नये. किल्ली फिरवून पेट्रोल पंपाचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहावी आणि थ्रॉटल न पिळता बटण दाबावे. तरीही सुरू झाली नाही तर किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण), साइड स्टँड, न्यूट्रलचा दिवा आणि बॅटरी या क्रमाने पाहावे. बॅटरीवर मल्टिमीटर लावल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे, आणि इंजिन चालू असताना तो १४ च्या जवळ गेला पाहिजे. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर धक्का मारण्यात शक्ती घालवू नये, कारण पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) दोघांनाही वीज लागते. मल्टिमीटर न वापरता अंदाजाने सुटे भाग बदलणाऱ्यांच्या हाती मी माझी गाडी देणार नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. इंजिनमध्ये कारचे ऑइल ओतू नये, त्यातील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे ऑइलमध्ये बुडालेला क्लच घसरतो. डब्यावर जासो एमए२ (अशा ओल्या क्लचच्या दुचाकींसाठीचा दर्जा) लिहिलेले असावे आणि ग्रेड मॅन्युअलमधील असावी. रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणी भरू नये. ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंगा असलेली) चेन पेट्रोल आणि तारेच्या ब्रशने धुऊ नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि लांब उतारावर उकळू लागते, त्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलावे, मग आधीचा मालक काहीही म्हणो.

खरेदीच्या वेळी नव्या फेअरिंगवर (गाडीच्या बाहेरच्या प्लॅस्टिक आवरणावर) भाळू नये. हँडल शेवटपर्यंत वळते तेथे फ्रेमवर असलेला अडथळा वाकलेला किंवा चेपलेला असेल, तर गाडी जोरात पडलेली आहे. लिव्हरची टोके, फूटरेस्टची टोके आणि बार-एंड एकाच बाजूला घासलेले आहेत का, हेही पाहावे. पुढचे चाक अधांतरी करून हँडल हळू फिरवावे. मधोमध अडखळले तर बेअरिंग गेले आहे. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी मी सहा वर्षांपेक्षा जुन्या टायरवर घाटात जात नाही. एबीएसचा दिवा किल्ली फिरवताच लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर दोष लपवण्यासाठी कोणीतरी त्याची जोडणी तोडलेली असण्याची शक्यता आहे. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस १ एप्रिल २०१९ पासून सरसकट सक्तीचे झाले, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत ते आहे असे गृहीत धरू नये.

कागदपत्रांत चॅसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी नोंदणी प्रमाणपत्राशी (आरसी) ताडून पाहावा, मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात, कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेली ई-चलने आधीच्या मालकाकडूनच भरून घ्यावीत. विमा स्वतःच्या नावावर करण्याचा अर्ज हस्तांतरणानंतर १४ दिवसांत करावा. हे राहून गेले आणि गाडी पडली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा बहुधा नाकारला जातो.