‘नवा अंक आला, वाचा’ असं लिहू नका

न्यूजलेटरवाल्यांच्या छोट्या पोस्ट बहुतेकदा एकाच कारणाने फसतात: पोस्ट म्हणजे नुसती दवंडी असते. वाचणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही.

अंक तूरडाळीच्या भावावर आहे असं धरू. ‘डाळ महाग का? सविस्तर अंकात’ ही पोस्ट कोणी पुढे पाठवणार नाही. त्याऐवजी अंकातली सगळ्यात टोकदार ओळ उचला: ‘एक किलो तुरीतून डाळ निघते साधारण 700 ग्रॅम. उरलेली चुनी (टरफलं, तुकडे) जनावरांच्या पुढ्यात जाते.’ ही पोस्ट स्वतःच पूर्ण आहे, लिंक उघडली नाही तरी. म्हणूनच ती शेअर होते. (सगळंच फुकट दिलं तर अंक कोण वाचेल, ही भीती निराधार आहे. मोठा भाग अंकातच राहतो.)

पहिल्या ओळीत आकडा किंवा वस्तू हवी. ‘मित्रांनो, आज आपण’ तिथेच खोडा. लिंक शेवटी किंवा पहिल्या कमेंटमध्ये. सबस्टॅक या न्यूजलेटर चालवायच्या साइटने 2023च्या एप्रिलमध्ये सुरू केलेल्या नोट्स या छोट्या पोस्टच्या फीडवर मात्र वाचक आधीच न्यूजलेटर वाचणारा असतो, तिथे अंकातला उतारा थेट चालतो.

एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) मराठीची गोची वेगळीच. तिथे काना-मात्रा, हलन्त सुटे मोजले जातात. ‘क्षि’ची चार अक्षरं होतात, लिंकची 23. त्यामुळे मोफत खात्याची 280 अक्षरांची मर्यादा दिसते त्यापेक्षा बरीच लवकर भरते. मसुदा तीसेक शब्दांतच बसवा.