दुकान कामगारांच्या लढ्याला भाविक मंडळींनी साथ कशी द्यावी

सणाच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी असते, तशीच प्रार्थनास्थळातही. काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलीला मात्र त्या दिवशी एकाच ठिकाणी हजर राहता येते, आणि ते कुठले हे तिच्या हातात नसते. इतरांची सुट्टी हीच दुकानाची कमाईची वेळ. त्यामुळे दुकान कामगार आपल्या सामुदायिक प्रार्थनेला, सत्संगाला क्वचित दिसतात. ते दिसत नाहीत म्हणून त्यांचा प्रश्नही तिथे निघत नाही.

हा प्रश्न काढावा असे तुमच्या मंडळीतल्या कोणाला वाटत असेल, तर पुढचा क्रम उपयोगी पडेल. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: हा लढा कामगारांचा आहे. भाविकांनी त्यांच्या मागे उभे राहायचे असते, पुढे नव्हे. पुढची प्रत्येक पायरी यावरच अवलंबून आहे.

१. आधी स्वतःच्या घरात डोकावा

तुमच्या प्रार्थनास्थळात झाडलोट कोण करते? रखवालदाराला, स्वयंपाक्याला पगार किती मिळतो? तो वेळेवर मिळतो का? आठवड्याची सुट्टी असते का? की ‘सेवा’ म्हणून त्यांच्याकडून दोन तास जास्तीचे काम करून घेतले जाते? दुकानाच्या मॅनेजरकडे गेलात की उलटा प्रश्न हाच येणार. त्याआधी विश्वस्तांसमोर हिशोब मांडा आणि दुरुस्त करता येईल ते करा. इथेच बऱ्याच जणांचा उत्साह मावळतो. मावळला तर त्याच वेळी कळलेले बरे.

२. कामगारांना भेटा, त्यांच्या वेळेला

बैठक तुमच्या सोयीने लावू नका. दुकानाचे शटर पडल्यावर किंवा सकाळची शिफ्ट सुरू होण्याआधी, जेव्हा त्यांना जमेल तेव्हा भेटा. जागा दुकानापासून लांब असू द्या. संघटना असेल तर तिच्या पदाधिकाऱ्यांना आधी भेटा. नसेल तर दोन-तीन कामगारांपासून सुरुवात करा. पहिल्या बैठकीत भाषण नको, प्रार्थनाही त्यांनी म्हटले तरच.

ऐकायला काय मिळेल याचा थोडा अंदाज असावा. उद्याची शिफ्ट रात्री फोनवर कळते, म्हणून मुलांना सांभाळायला कोणाला सांगायचे ते ठरवता येत नाही. दुकान बंद झाल्यावर गल्ला मोजणे, माल रचणे यात जाणारा वेळ पगारात धरला जात नाही. गल्ल्यात तूट आली की ती पगारातून कापली जाते. दिवसभर उभे राहावे लागते आणि स्वच्छतागृहाला जायलाही परवानगी लागते. ग्राहकाने शिवी दिली तरी हसावे लागते.

नावे लिहून घेऊ नका, फोटो काढू नका, आणि कोण काय बोलले ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. तासांवर पगार असलेल्या नोकरीत कोणाला काढून टाकण्याची गरजच पडत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या शिफ्ट पाचावरून दोनावर आणल्या की माणूस आपोआप गप्प होतो किंवा निघून जातो. तुमच्या एका उत्साही संदेशाची किंमत कोणाच्या तरी घरभाड्याएवढी असू शकते.

३. मागणी नेमकी काय आहे ते समजून घ्या

‘न्याय द्या’ असे म्हटले तर कोणीच नाही म्हणत नाही, आणि काही देतही नाही. मागणी हातात धरता येईल इतकी ठोस हवी. केरळमधल्या कापड दुकानांतल्या बायकांनी मागितले होते ते कामाच्या वेळेत बसण्याचा हक्क. ऐकायला किती साधे! पण त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. २०१८ मध्ये केरळने दुकानविषयक कायद्यात तशी दुरुस्ती केली आणि २०२१ मध्ये तमिळनाडूनेही केली. मागणी कोणती लावून धरायची ते कामगार ठरवतील. तुमच्या मते दुसरी जास्त महत्त्वाची असली तरी तसेच.

४. आपल्या परंपरेत शोधा

हे काम फार अवघड नाही. दिवस मावळण्याआधी मजुराची मजुरी द्यावी, असे ज्यूंचा धर्मग्रंथ तोरा सांगतो. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचे दाम द्या, असे हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा संग्रह, सांगते. शीख परंपरेत कष्टाने कमावणे आणि वाटून खाणे ही दोन्ही कर्तव्ये आहेत. बौद्धांच्या सिगालोवाद सुत्तात तर मालकाने चाकराशी कसे वागावे याची पाच कलमेच आहेत: झेपेल तेवढेच काम, अन्न आणि वेतन, आजारपणात शुश्रूषा, गोडधोड वाटून घेणे आणि वेळच्या वेळी सुट्टी. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये काढलेल्या परिपत्रकात कामगारांचा संघटित होण्याचा हक्क मान्य केला.

वचने सांगा, पण दोनच मिनिटे. उरलेला वेळ कामगाराला द्या. अमेरिकेत १९९६ पासून कामगार दिनाच्या सुमारास प्रवचनाच्या जागी कामगारांनाच बोलायला बोलावण्याचा उपक्रम चालत आला आहे. कॅशियर स्वतःच्या तोंडाने तिचा दिवस सांगते, तेव्हा तिच्या रांगेत रोज उभे राहणारे श्रोते पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहतात. बोलायला कोण तयार आहे ते मात्र त्यांनाच ठरवू द्या. नाव उघड करायचे नसेल तर तिचे लिहिलेले निवेदन दुसऱ्याने वाचावे.

५. मालकही आपल्यातच बसतो

देणगीदारांच्या यादीत दुकानदार असतात. कोणी मॅनेजर असतो, कोणाचा जावई दुकानांच्या एखाद्या साखळीत मोठ्या हुद्द्यावर असतो. हे टाळता येत नाही, आणि टाळूही नये. पत्रक वाटण्याआधी त्यांना घरी जाऊन भेटा. त्यांना हे भर सभेत पहिल्यांदा कळले तर तो अपमान ठरतो आणि मग बोलणेच खुंटते. लहान दुकानदाराची अडचण खरी असू शकते, ती ऐका. पण देणगी मोठी म्हणून विषय गुंडाळायचा असेल, तर कामगारांना तसे स्पष्ट सांगा. त्यांना आशेवर ठेवू नका.

६. शिष्टमंडळ न्या

पाच ते सात माणसे पुरेत. त्यात दोन-तीन धर्मांचे लोक असावेत, कारण कामगारही एकाच धर्माचे नसतात, आणि निदान निम्मे त्या दुकानाचे जुने ग्राहक असावेत. बोलणारा एकच. गर्दीची वेळ टाळा, वाट अडवू नका, काउंटरवरच्या कोणाशी ओळख दाखवू नका. मॅनेजरला पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि उत्तराची तारीख ठरवून घ्या. मॅनेजर बहुधा म्हणेल, ‘माझ्या हातात काही नाही.’ ते खरेही असेल. मग कोणाच्या हातात आहे ते नाव विचारून घ्या आणि पुढचे पत्र तिकडे पाठवा.

७. बहिष्कार: विचारल्याशिवाय नाही

चिडलेल्या भाविकांना पहिल्यांदा हेच सुचते. पण विक्री घटली की आधी शिफ्ट कमी होतात. कामगारांनी हाक दिली तरच खरेदी थांबवा, आणि हाक दिली तर मात्र पूर्ण थांबवा.

एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात ‘स्टॉप अँड शॉप’ या किराणा साखळीतल्या सुमारे ३१ हजार कामगारांनी संप केला. ज्यूंचा वल्हांडण सण आणि ख्रिस्ती लोकांचा ईस्टर तोंडावर आले होते, म्हणजे खरेदीचे ऐन दिवस. अनेक रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, आपल्या लोकांना सांगितले की दुकानासमोर उभ्या संपकऱ्यांची रांग ओलांडून सणाचे सामान आणू नका. संप ११ दिवस चालला आणि ईस्टरच्या रविवारी तडजोड झाली. श्रेय अर्थात संपावर उभ्या राहिलेल्यांचे, पण सणाच्या बाजारातच ग्राहक पाठ फिरवतात तेव्हा कंपनीला ते जाणवते. दुसरीकडून घेतलेल्या सामानाची बिले गोळा करून व्यवस्थापनाला दिली, तर गेलेली विक्री त्यांना आकड्यात दिसते.

याची दुसरी बाजूही माहीत असावी. २००३-०४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात किराणा कामगारांचा संप सुमारे साडेचार महिने चालला. धर्मगुरूंनी एका साखळीच्या प्रमुखाच्या घरापर्यंत यात्रा काढली. तरीही शेवटी नव्या कामगारांसाठी कमी वेतनाची वेगळी श्रेणी मान्य करावी लागली. तुमच्या पाठिंब्याने विजय मिळेलच, असे आश्वासन कोणाला देऊ नका.

८. मदत करा, उपकार नको

संपात धान्य लोक लगेच आणून देतात. अडते ते घरभाड्याला, औषधाला, शाळेच्या फीला. म्हणून रोख निधी उभारा, त्याचे वाटप कामगारांच्याच समितीकडे सोपवा आणि हिशोब उघडा ठेवा. मदत घ्यायला येणाऱ्याला प्रार्थनेला बसवू नका, त्याचा धर्म विचारू नका. रिकामे सभागृह बैठकीला द्या. मुले सांभाळायला दोन जण द्या. संपाच्या रांगेत उभ्या असलेल्यांना पाणी द्या, आणि थोडा वेळ त्यांच्याबरोबर उभेही राहा.

९. तडजोडीनंतर

वर्तमानपत्रात फोटो येतो, सगळे पांगतात, आणि तीन महिन्यांनी ‘त्या’ कामगारांच्या शिफ्ट हळूच बदलू लागतात. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा भेटायची तारीख तडजोडीच्या दिवशीच ठरवा. मधल्या काळात ग्राहक म्हणून जात राहा. काउंटरमागे खुर्ची द्यायचे ठरले असेल, तर ती आली का ते पाहा. आली असेल तर तिच्यावर माल रचून ठेवलाय, की कोणी बसलेले दिसते, तेही पाहा.