तयार घटकांच्या सिस्टीमची गुंतागुंत सांध्यांवर मोजा

तयार घटक जोडून उभ्या केलेल्या सिस्टीममध्ये कोडच्या ओळी मोजून हाती काही लागत नाही. त्या ओळी आपल्या नसतात, कित्येकदा बघायलाही मिळत नाहीत. मॅककेबने 1976 साली मांडलेली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे कोडमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटांची संख्या, मी वापरते, पण फक्त घटकांना जोडणाऱ्या आपल्या कोडवर. त्याने सुचवलेली 10 ची मर्यादा तिथे मी सोडत नाही.

बाकी सगळं सांध्यांवर, म्हणजे घटक जिथे एकमेकांना जोडले जातात तिथे. कागदावर प्रत्येक घटकाचा चौकोन काढा आणि कोण कुणाला कॉल करतो त्याचे बाण. डिझाइनच्या वेळची आकृती नको, चालू सिस्टीमचे लॉग बघा. एक घटक टेबलमध्ये लिहितो आणि दुसरा तिथून वाचतो, तोही बाणच. नेमका हाच आकृतीतून सुटतो.

आता चौकोनात येणाऱ्या आणि त्यातून जाणाऱ्या बाणांचा गुणाकार करून वर्ग करा. हेन्री आणि काफुरा यांच्या 1981 च्या सूत्रात याला ओळींच्या संख्येनेही गुणतात; ती मी गाळते. ऑर्डरच्या घटकात 3 बाण येतात, 2 जातात: 36. एसएमएस आणि कुपन जोडलं, जाणारे 4 झाले: 144. हा आकडा दुसऱ्या कुणाच्या सिस्टीमशी ताडू नका, स्वतःच्या मागच्या रिलीजशी ताडा.

बाणाची जाडीही बघायला हवी. पेमेंटची एकच मेथड, पण तिला हो-नाहीचे चार फ्लॅग असतील तर वागण्याच्या 16 तऱ्हा झाल्या. ‘आधी सेटअप, मगच कॉल’ अशी क्रमाची अट असेल तर तिला मी सगळ्यात जास्त वजन देते, कारण कंपायलर ती सहसा पकडत नाही.

पाठोपाठ आलेल्या, म्हणजे आपण घेतलेल्या घटकाने स्वतःसोबत ओढून आणलेल्या लायब्ररी वेगळ्या मोजा. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे (Log4j) या जावातल्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीची सुरक्षेची त्रुटी उघड झाली तेव्हा अनेक टीमना ती लायब्ररी आपल्याकडे आहे हे शोधूनच काढावं लागलं. ती दुसऱ्याच लायब्ररीच्या मागून आली होती. मेव्हन या जावाच्या बिल्ड टूलमध्ये डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कोणती लायब्ररी कुणामुळे आली त्याची यादी, काढली की हे दिसतं.

सुधारणा सगळ्यात मोठ्या आकड्यापासून. त्या 144 च्या घटकापुढे एक रॅपर, म्हणजे सगळे कॉल आधी स्वतःकडे घेणारा आपला छोटा घटक, ठेवा: रॅपरमध्ये 3 येतात, 1 जातो, म्हणजे 9, घटकात 1 येतो, 4 जातात, म्हणजे 16. मात्र रॅपरने सगळे फ्लॅग जसेच्या तसे पुढे ढकलले, तर आकडा उतरतो आणि त्रास तसाच राहतो. म्हणून रॅपरच्या मेथडही त्याच फ्लॅगच्या हिशोबाने तपासा.